साठ नारिंगी मफलर

तुम्हाला म्हणून सांगते, ज्याला कात्री धरता येते आणि बुटाची नाडी बांधता येते, अशा कोणत्याही माणसाला मी वीस मिनिटांत कलावंत करून दाखवीन! सुई नको, दोरा नको, मशीन तर नकोच नको. फ्लीस नावाचं ते मऊ, उबदार कापड असतं ना, ते कापलं तरी त्याची कड उसवत नाही. तेव्हा त्याची लांब पट्टी कापायची, दोन्ही टोकांना बोटबोट रुंदीचे काप द्यायचे, प्रत्येक कापाला एक गाठ मारायची, की झाला झालरीचा मफलर! घाला गळ्यात आणि निघा बाहेर!

हे ज्ञान मला गेल्या नोव्हेंबरात झालं. डिसेंबरात त्याच ज्ञानाने आमच्या अख्ख्या लिटल हेरॉन गावाची वाट चुकवली. पण ते पुढे.

याचं मूळ म्हणजे आमच्या नणंदबाई, आर्डिसताई. त्या गोधड्या शिवतात. साध्यासुध्या नाहीत, जिल्ह्याच्या जत्रेत सलग नऊ वर्षं पहिल्या नंबराची निळी फीत मिळवणाऱ्या! नाताळात त्या घरातल्या प्रत्येकाला हाताने केलेली काही ना काही वस्तू देतात. आणि मी? मी दुकानाची कुपनं देते. लिफाफा उघडला की आर्डिसताई मान तिरकी करून म्हणतात, "असू दे गं मार्लिस, भावना महत्त्वाची." ती भावना नऊ वर्षं मला टाचणीसारखी टोचत होती.

माझ्या शिवणकामाबद्दल फार बोलत नाही. एकदा ऑरिनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, अंगावरच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं. लावून झालं आणि उठले, तर तोही उठला! माझी बाही त्याच्या शर्टाला शिवली गेली होती. कात्री स्वयंपाकघरात. तिथपर्यंत आम्ही दोघं लग्नात चाललो नसू इतके जवळून चालत गेलो.

त्यामुळे आमच्या लेकीने, ब्रिटने, फोनवर "आई, यात शिवणच नाहीये!" असं सांगितलं तेव्हा मला खुर्चीवर बसवेना. सरळ कापडाचं दुकान गाठलं. आणि तिथे कोपऱ्यात तो उभा होता. भडक नारिंगी फ्लीसचा अख्खा तागा!

हा रंग आमच्याकडे हरणांच्या शिकारीच्या दिवसांत चालतो. जंगलात शिरणारा प्रत्येक जण तो अंगावर घालतो, म्हणजे कोणी त्याला हरीण समजून गोळी घालत नाही. हरीण सोडून बाकी सगळ्या जगाला तो पलीकडच्या तळ्यावरून दिसतो.

दुकानातली बाई म्हणाली, "शिकार संपली, आता हा रंग कोण नेतंय? अख्खा नेलात तर अर्ध्या भावात देते."

"किती आहे?"

"पंधरा वार."

"बांधा!"

घरी आले तर ऑरिन दारातच. तो जिल्ह्याची बर्फ काढायची गाडी चालवतो. सोळा टनांचं धूड बोटावर नाचवणारा माणूस, पण तागा बघून दोन पावलं मागे सरकला.

"काय गं हे? हायवे झाकायचाय?"

"नाताळच्या भेटी करणार आहे. हाताने!"

"कोणाच्या हाताने?"

मी उत्तर दिलं नाही. कलावंतांनी देऊ नये.

पहिला मफलर सव्वीस मिनिटांत झाला. गाठी मारताना जरा जास्त ओढल्या गेल्या असाव्यात, कारण पाच फुटांची पट्टी सहा फुटांची झाली. ऑरिनच्या गळ्यात घातला. जेवायला बसेपर्यंत तो त्याच्या गुडघ्याला टेकला.

"हा वाढतोय, मार्लिस."

"वाढत्या अंगाचा आहे! राहू दे तसाच!"

दुसरा बरा झाला. तिसऱ्याचे काप घेता घेता फोन आला, बोलता बोलता कात्री चालतच राहिली, आणि फोन ठेवला तेव्हा मफलर नव्हता, ताटभर नारिंगी शेवया होत्या. सातव्याच्या वेळी खालच्या टेबलक्लॉथलाही झालर निघाली. मग त्यालाही गाठी मारल्या. शोभून दिसतो, खोटं नाही सांगत! आणि त्या कापडात वीज किती! नुसतं उचललं तरी चटचट ठिणग्या. माझे केस चार दिवस ब्रशसारखे उभे होते. मांजर नुसतं शेजारून गेलं आणि दोन पट्ट्या पाठीला चिकटवून पलंगाखाली पसार झालं.

पण जमत होतं हो! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी निघत होतं आणि ते दिसायला त्या वस्तूसारखंच होतं. रोज संध्याकाळी मी पाच-सहा उरकत होते. ऑरिन बिचारा ताट मांडीवर घेऊन जेवत होता.

आता कोणी म्हणेल, नाताळची भेट नाताळला द्यावी. मला धीर कुठला? डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला सगळे जमले होते. तिथेच मी आर्डिसताईंच्या हातात पुडकं ठेवलं.

"हे काय?"

"उघडा तर! मी केलंय!"

त्यांनी मफलर दोन बोटांत धरून वर उचलला. आजूबाजूच्या चार टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हा तर लांबून दिसतो."

"हो ना!"

"खूपच लांबून."

मी हरखले. जिल्ह्यातल्या निळ्या फितीवालीने माझं कौतुक केलं होतं! तेवढ्यात शेजारून हार्लन पुढे आला. हार्लन टॉलेफसन म्हणजे आमच्या हिवाळी मिरवणुकीचा अध्यक्ष. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीचा अध्यक्ष आहे. तोंडात खजुराच्या वडीचा तुकडा तसाच ठेवून तो मफलरकडे बघत राहिला.

"मार्लिस! असे अजून आहेत?"

"हवे तेवढे!"

"मिरवणुकीच्या माणसांसाठी हवेत. तीस मिळतील? शनिवारच्या आत?"

तीस! मिरवणुकीच्या माणसांसाठी! डोळ्यासमोर चित्रच उभं राहिलं. महापौर, बँडमास्तर पेल्की, अग्निशामक गाडीवरचा सांताक्लॉज, सगळ्यांच्या गळ्यात माझा मफलर! हार्लन आणखीही काही सांगत होता. जॅकेटं, पार्सल, वेळेत येत नाही, असं काहीतरी. पण माझ्या कानांत तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

"तीस काय, साठ करते!" मी म्हटलं.

"तीस पुरे," हार्लन म्हणाला. हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

तीस त्याला पोचवले. बाकीच्यांचं काय करायचं? शेवया आणि मांजराचा वाटा सोडून सत्तावीस उरले होते. मी ते वाटत सुटले! पोस्टमन, दाताचे डॉक्टर, पत्त्यांच्या टोळीतल्या पाच जणी, शेजारचे नीमीबाबा, बेकरीवाली, लायब्ररीवाली. प्रत्येकाला बजावलं, "शनिवारी मिरवणुकीला घालून यायचं बरं का!" लोक भिडेने हो म्हणाले. आमच्या भागात हा फार मोठा दोष आहे. तोंडावर नाही कोणी म्हणत नाही.

आणि एक मफलर सासूबाईंना दिला.

सासूबाई शहाऐंशीच्या. नाव गुड्रुन. कानांनी कमी, जिभेने जास्त. कमरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं बर्च हिल वृद्धाश्रमात असतात आणि चाकांची कुबडी, म्हणजे वॉकर, ढकलत तिथल्या नर्सांना शिस्त लावतात. मफलर गळ्यात घालून त्यांनी आरशात पाहिलं.

"आवडला?" मी विचारलं.

"दिसतो," त्या म्हणाल्या.

शनिवार उजाडला तो उणे वीसचा. ऊन मात्र असं झगझगीत की बर्फाकडे बघवेना. मिरवणूक बाराला निघणार, मुख्य रस्त्याने सरळ जाणार आणि अग्निशामक केंद्रापाशी संपणार, तिथे सगळ्यांना रानतांदळाचं गरम सूप, असा दरवर्षीचा क्रम. सगळ्यांत पुढे दिव्यांच्या माळा लावलेली बर्फाची गाडी, आणि ती चालवणार मिरवणूक समितीतला आमचा ऑरिन! मागे शाळेचा बँड, मग गवताच्या पेंढ्यांवर मुलं बसवलेले ट्रॅक्टर, आणि शेवटी सांताक्लॉज.

सासूबाईंना मी हार्डवेअरच्या दुकानाच्या कोपऱ्यावर घडीच्या खुर्चीत बसवलं. पायांवर दोन घोंगड्या, शेजारी कुबडी, गळ्यात मफलर. त्याच कोपऱ्यावरून डावीकडे बर्च हिलचा रस्ता फुटतो.

सासूबाईंनी त्या रस्त्याकडे बघत म्हटलं, "मला एकटीला आणलंस. तिकडे बावीस जण खिडकीला नाक लावून बसलेत. ढोल तेवढा ऐकू येतो, दिसत काही नाही."

"एवढ्या थंडीत त्यांना कसं आणायचं, सासूबाई? खुर्च्यांची चाकं बर्फात अडकतात."

"हं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासाठी कॉफी आणायला निघाले. दहा पावलं गेले नाही तोच एका बाईने मला अडवलं.

"तुम्ही नारिंगीवाल्या ना?"

"हो! मीच!" मी खुलले. कीर्ती परगावी पोचली होती!

"मग सांगा, कुठे?"

"काय कुठे?"

"अहो, पोराला लागलीये!"

मफलरचं कौतुक करण्याची ही कुठली पद्धत? तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. "ताई, ट्रक कुठे लावू?" मग एक तरुण जोडपं. "मावशी, आमचा कुत्रा सापडला का?" कोणी हातमोजा आणून दिला, कोणी पाकीट. एकाने तर एक रडकं पोर माझ्या हातात ठेवलं. "हे कोणाचं बघा," म्हणाला आणि गेला!

इतक्यात लाउडस्पीकर खरखरला. हार्लनचा आवाज.

"मंडळी, पुन्हा एकदा सांगतो! कार्यकर्त्यांची चकाकती जॅकेटं अजून पार्सलातच अडकलीयेत. तेव्हा ज्याच्या गळ्यात नारिंगी फडकं दिसेल तो आपला कार्यकर्ता! काही अडलं तर त्याला विचारा! तो सांगेल तसं करा!"

फडकं!

त्या एका शब्दाने मी दोन मिनिटं जागीच थिजले. कलावंत म्हणून माझा जो काही इतिहास होता तो तिथे संपला. आणि मग तिसऱ्या मिनिटाला दुसरा विचार आला. हार्लनचे कार्यकर्ते तीस. गावात नारिंगी मफलर सत्तावन्न!

मी मान वर करून बघितलं. दाताचे डॉक्टर चौकात उभे, दोन्ही हातांना हरवलेली चार पोरं. पोस्टमनकडे लोक मोटारीच्या किल्ल्या देऊन निघून जात होते. कार्यकर्ते मोटारी शाळेकडे पाठवत होते, आणि माझ्या पत्त्यांच्या मैत्रिणी त्याच मोटारी शाळेकडून चर्चकडे पाठवत होत्या. एक निळी व्हॅन तर माझ्या डोळ्यांदेखत तीनदा गेली. तिसऱ्यांदा ड्रायव्हरने हात हलवला, ओळख झाल्यासारखा! नीमीबाबांना कोणीतरी विचारलं, "इथून जाऊ का?" त्यांना काय कळलं देव जाणे, ते "नाही" म्हणाले, आणि तेवढ्यावर अख्खी गल्ली बंद झाली.

आणि आर्डिसताई! चारचौघांत वहिनीचा मान ठेवायचा म्हणून बिचाऱ्या मफलर घालून आल्या होत्या. त्यांना लोकांनी फिरत्या संडासांपाशी उभं केलं होतं. साठ माणसांची रांग, आणि पुढे जिल्ह्यातली निळी फीत!

"मार्लिस!" त्या लांबूनच ओरडल्या. "हे काय करून ठेवलंस?"

"भावना महत्त्वाची, ताई!" मी ओरडले. तोंडातून निघून गेलं! मग मात्र मी तिथे थांबले नाही.

तेवढ्यात ढोल वाजला. मिरवणूक निघाली. मी म्हटलं, चला, एकदा ऑरिनची गाडी गेली की लोक बघण्यात गुंततील आणि सगळं मिटेल. ढोल जवळ आला, आणखी जवळ आला, ट्रॉम्बोनचा आवाज आला. आणि मग लांब जायला लागला.

अग्निशामक केंद्रापाशी उभे असलेले लोक माना लांब करून बघायला लागले. रस्ता रिकामा! ढोल वाजतोय, मिरवणूक नाही!

पोर आईच्या ताब्यात देऊन मी धावत सुटले. माझा स्वतःचा मफलर एव्हाना इतका वाढला होता की तो एका हातात धरून पळावं लागत होतं. हार्डवेअरच्या कोपऱ्यावर पोचले तर घडीची खुर्ची रिकामी. सासूबाई चौकाच्या मधोमध उभ्या! एक हात कुबडीवर, दुसऱ्या हातात गळ्यातून काढलेला मफलर, आणि तो झेंड्यासारखा फडकवत त्या शेवटच्या ट्रॅक्टरला डावीकडे वळवत होत्या. समोरून आलेल्या मोटारीकडे त्यांनी फक्त एकदा बघितलं. मोटार थांबली.

"सासूबाई! हे काय केलंत?"

"मी कार्यकर्ती आहे. लाउडस्पीकरवर सांगितलं."

"तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

"ऐकायचं ते येतं," त्या म्हणाल्या आणि मागून आलेल्या अग्निशामक गाडीला डावीकडे वळायची खूण केली. सांताक्लॉजने त्यांना वाकून नमस्कार केला आणि गाडी वळली.

नंतर मी ऑरिनला विचारलं, "अरे, चाळीस वर्षं मिरवणूक सरळ जाते. तू वळलासच कसा?"

तो म्हणाला, "आईने हात दाखवला."

त्या माणसाने साठ वर्षांत आईचा हात डावीकडे असताना उजवीकडे पाऊल टाकलेलं नाही. आणि गावाचं म्हणाल, तर बर्फाच्या गाडीमागून जायचं हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात.

बर्च हिलचा रस्ता वृद्धाश्रमाच्या अंगणात संपतो. पुढे वाट नाही, नुसतं जंगल. मी धापा टाकत पोचले तेव्हा अंगणात मिरवणुकीचा लाडू झाला होता! सोळा टनांची गाडी दाराशी, तिच्या मागे चाळीस पोरांचा बँड, बँडमागे सहा ट्रॅक्टर, आणि रस्त्याचं बूच बनलेली अग्निशामक गाडी. मागे सरकायला जागा नाही, वळायला जागा नाही. बँडमास्तर पेल्की हातवारे करून वाजवा म्हणत होते, पण थंडीने ट्रॉम्बोनच्या नळ्या गोठून बसल्या होत्या. एकटा ढोलवाला जिवाच्या आकांताने बडवत होता.

मागून हार्लन आला. चेहरा माझ्या मफलरपेक्षा लाल, हातात कर्णा.

"कोणी वळवलं? कोणी वळवलं हे? सूप तिकडे, लोक तिकडे, मिरवणूक इकडे! मार्लिस, मी तीस सांगितले होते! तीस!"

खरंच सांगते, त्या क्षणी मला रडू येत होतं. त्या मिरवणुकीसाठी हार्लन ऑगस्टपासून राबत होता, आणि मी माझ्या हौसेपायी तिची पार वाट लावली होती.

तेवढ्यात टकटक असा आवाज झाला. खिडकीवर कोणीतरी काठी आपटत होतं. आतून एका बाईंचा खणखणीत आवाज आला.

"हार्लन टॉलेफसन! टोपी कुठे आहे तुझी?"

त्या आमच्या तिसरीच्या हाल्वर्सनबाई! ब्याण्णव वर्षांच्या. हार्लनचा कर्णा खाली आला. त्याने निमूट खिशातून टोपी काढली आणि कानांवर ओढली.

"घातली, बाई."

आणि मग त्याने पहिल्यांदाच खिडक्यांकडे नीट पाहिलं. मीही पाहिलं. प्रत्येक खिडकीत दोन-दोन, तीन-तीन चेहरे. कोणी हात हलवत होतं, कोणी नुसतंच काचेला तळवा टेकवून उभं होतं. एका आजोबांनी घरातल्या कपड्यांवर टाय चढवला होता. टाय! दोन मिनिटांपूर्वीपर्यंत त्यांना माहीतही नव्हतं की कोणी येणार आहे. इतक्या घाईत त्यांनी तो कोणाकडून तरी बांधून घेतला होता!

तेवढ्यात मोठी नर्स दार उघडून ओरडली, "अहो, त्या पोरांना आत घ्या आधी! ओठ निळे पडलेत!"

चाळीस पोरं आपापली वाद्यं घेऊन जेवणघरात शिरली. पंधरा मिनिटांत नळ्या सुटल्या आणि बँड सुरू झाला! अहो, छत उडायचं बाकी होतं! चमचे नाचत होते, कवळ्या नाचत होत्या. टायवाले आजोबा, आइनार त्यांचं नाव, हात थरथरत असल्यामुळे त्यांना एरवी चमचा धरता येत नाही. ते ढोलवाल्यापाशी जाऊन उभे राहिले आणि नुसता हात पुढे केला. पोराने काही न विचारता एक काठी त्यांना दिली. एका हाताने आजोबा, एका हाताने पोरगं! ताल चुकला म्हणता? चुकला असेल. कोणाच्या लक्षात आलं?

माझ्या शेजारी सासूबाई येऊन बसल्या. मफलर पुन्हा गळ्यात.

"आता ऐकू येतंय का?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"ओरडतेस कशाला?" त्या म्हणाल्या. "बँड ऐकू दे."

आता प्रश्न सुपाचा. दीडशे माणसांचं सूप अग्निशामक केंद्रात, आणि आत्तापर्यंत ती माणसं ढोलाच्या मागावर इकडे यायला लागली होती. हार्लन डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आर्डिसताई आत आल्या! मागे हार्लनचे सहा धट्टेकट्टे कार्यकर्ते, आणि दोघादोघांच्या हातांत एकेक सुपाचं पातेलं.

"कसं काय आणलंत, ताई?" मी विचारलं.

"त्यांना म्हटलं, उचला," आर्डिसताई म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते, केस विस्कटले होते, आणि त्या मला जितक्या आवडल्या तितक्या कधीच आवडल्या नव्हत्या. "गळ्यात हे असलं की लोक ऐकतात गं! संडासाच्या रांगेत महापौर घुसत होते. त्यांनाही मागे पाठवलं मी!"

संध्याकाळी उजेड जायच्या आत ऑरिनने अंगणाभोवती बर्फातून गोल रस्ता कापला, तेव्हा कुठे गाड्या सुटल्या. त्यात वृद्धाश्रमाची पत्रपेटी आणि पक्ष्यांना दाणे घालायचा खांब आडवा झाला, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे जण हात हलवून एकमेकांना निरोप देत होते. तो निरोप आमच्याकडे नेहमीच लांबतो. त्या दिवशी तो पाऊण तास चालला.

सोमवारी समितीची बैठक होती. मी स्वतःहून गेले. हात जोडून माफी मागायची, आणि मग जमलंच तर, लोकांना मफलर आवडले असतील तर, पुढच्या वर्षीसाठी दुसरा एखादा रंग सुचवायचा असा बेत होता. निळ्याचा तागा मी दुकानात बघूनही ठेवला होता!

हार्लनने टोपी घातली होती. तो उठून उभा राहिला.

"पहिला ठराव. पुढच्या वर्षीपासून मिरवणूक बर्च हिलवरूनच जाईल. वळायला जागा ऑरिन आदल्या दिवशी करून ठेवील."

टाळ्या! मी तर उभी राहून वाजवल्या.

"दुसरा ठराव. चौकातली वाहतूक गुड्रुनबाई बघतील. त्यांना विचारलंय. त्यांनी आधीच हो म्हटलंय, आपण विचारायच्या आधी."

पुन्हा टाळ्या!

"तिसरा ठराव, मार्लिसबद्दल." हार्लनने कागद जवळ धरला आणि घसा खाकरला. मी पदकाला जागा म्हणून कोटाची कॉलर नीट केली. "तिचा उत्साह लक्षात घेऊन समितीने तिच्यावर एक स्वतंत्र जबाबदारी सोपवायचं ठरवलंय. पुढच्या वर्षीच्या कॉफीसाठी कागदी कप तिने आणायचे."

"अरे वा! किती?" मी वही काढली. "मी काय म्हणते हार्लन, कपांना जर खालून अशी छोटीशी झालर..."

हार्लनने तो कागद वळवून माझ्यापुढे धरला. ठरावाखाली, दोन रेघा ओढून, सगळ्या समितीच्या सह्यांनिशी लिहिलं होतं: "कप दुकानातून विकत आणावेत."

सगळ्यांत वरची सही आमच्या ऑरिनची होती.